रेकॉर्ड प्लेअर वापरून आठ महिने : आवाजापेक्षा किमतीचेच कोडे

आठ महिन्यांपूर्वी १४,००० रुपयांना रेकॉर्ड प्लेअर घेतला. तेव्हापासून अकरा नव्या एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, आणल्या, त्यांतली एकही २,२०० रुपयांच्या खाली मिळाली नाही; त्याच काळात जुन्या बाजारातून साठ ते शंभर रुपयांना एक, अशा चाळीसेक सीडीही जमल्या. दोन्हींच्या आवाजाची तुलना करावी एवढाच हेतू होता, पण आता मला अधिक कुतूहल वाटते ते त्यांच्या किमतींचे.

एलपी महाग का, हे तिच्या घडणीवरून कळते. लॅकरच्या, म्हणजे मऊ रोगणासारखा लेप दिलेल्या, चकतीवर खोबणी कोरायची, तिला चांदीचा मुलामा देऊन त्यावरून निकेलचे साचे तयार करायचे आणि त्यांच्यामध्ये गरम पीव्हीसी दाबायचे. प्रती तीनशे काढा की तीन हजार, आधीचा खर्च तेवढाच. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील ‘अपोलो मास्टर्स’चा कारखाना जळाला, तेव्हा अशा चकत्यांसाठी जगभरच्या कारखान्यांना जपानच्या एकाच कंपनीकडे पाहावे लागले. सीडी मात्र काही सेकंदांत साच्यातून बाहेर पडते. तरीही अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा एलपी अधिक संख्येने विकल्या गेल्या, आणि हे १९८७ नंतर प्रथमच घडले.

माझ्या मते सीडीची किंमत तिच्या गुणानेच घालवली. १९८२ मध्ये ती बाजारात आली तेव्हा एलपीपेक्षा महाग होती. पुढे घरोघरी सीडी रायटर आले आणि दहा-पंधरा रुपयांच्या कोऱ्या चकतीवर मुळाबरहुकूम प्रत निघू लागली. विकत उतरवून घेतलेल्या फाइलची गत याहून वाईट, कारण ती ऐकून झाल्यावर जुन्या बाजारातही विकता येत नाही. एलपीची नक्कल मात्र घरी होत नाही, म्हणून तिचा भाव टिकला. गंमत अशी, की आजच्या बहुतेक नव्या एलपी डिजिटल मुद्रणावरूनच कोरल्या जातात. म्हणजे मी जे २,२०० रुपये मोजतो, त्यांत आवाजाचा वाटा फारच थोडा असतो. बारा इंची वेष्टन हातात धरून बसण्याचे सुख खरे आहे, आणि ते मी नाकारत नाही.

शास्त्रीय गायन ऐकणाऱ्याने मात्र सीडीच घ्यावी. एलपीची एक बाजू साधारण बावीस मिनिटांची, त्यामुळे विलंबित ख्याल रंगात येतो न येतो तोच उठून तबकडी उलटावी लागते. सीडीवर ७४ मिनिटे सलग मिळतात. शिवाय पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी लागते, ती पुसत बसावे लागते ते वेगळेच.

एवढे असून माझी सीडी आता मुकी आहे. गेल्या महिन्यात दोन्ही यंत्रे बिघडली. रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा दुरुस्तीवाल्याने ३५० रुपयांत बदलून दिला; सीडी प्लेअर उघडून पाहिला आणि म्हणाला, “काका, याची लेझर आता येत नाही.”