शिमानो डिओर क्रँक: माउंटन बाइकसाठी पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

क्रँक म्हणजे पेडलची ताकद चेनला देणारे दोन दांडे आणि त्यांना जोडणारा अ‍ॅक्सल (आडवा दंड). त्याचा दांडा मधोमध तुटण्याचे प्रकार फार थोडे. क्रँक निकामी होतो तो सांध्यावर. एकतर पेडलचे आटे मरतात, नाहीतर डावा दांडा अ‍ॅक्सलवर सैल होऊन आतले दाते झिजवतो. म्हणून स्वस्त आणि टिकाऊ क्रँक निवडताना वजनाचा आकडा बाजूला ठेवावा आणि हे दोन सांधे आधी तपासावेत. या कसोटीवर शिमानोच्या डिओर मालिकेतला बारा स्पीडचा (मागे बारा गिअर असलेल्या सायकलचा) क्रँक, म्हणजे एम ६१०० आणि त्याची भावंडं, आजही सर्वांत शहाणी खरेदी आहे.

कारण साधं आहे. २४ मिमीचा पोकळ स्टीलचा अ‍ॅक्सल उजव्या दांड्यात कायमचा बसवलेला असतो. डावा दांडा त्याच्या दात्यांवर सरकवायचा आणि दोन बोल्टनी आवळायचा. काढायला पुलर (दांडा ओढून काढायचं अवजार) लागत नाही, ५ मिमीची अ‍ॅलन की बहुतेक काम करते. शिवाय हाच २४ मिमी व्यास शिमानोच्या वरच्या मालिकांतही असल्यामुळे बेअरिंगचे कप (फ्रेममध्ये बसणाऱ्या बेअरिंगच्या वाट्या) सहज मिळतात. दांडे घडीव अ‍ॅल्युमिनियमचे. एसएलएक्स या वरच्या मालिकेत ते आतून पोकळ होतात. म्हणजे वरचे पैसे वजन कमी करण्यासाठी जातात, मजबुतीसाठी नाही. ३० मिमीचे अ‍ॅक्सल दिसायला दणकट असतात, पण आटे असलेल्या जुन्या मापाच्या शेलमध्ये (फ्रेमच्या तळाची, हे कप बसतात ती नळी) बेअरिंगच्या गोळ्यांना जागाच कमी उरते. चिखल-पाण्यात ती बेअरिंगं लवकर जातात.

चूक होते ती मॉडेलचा आकडा निवडताना. एम ६१०० ची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं, म्हणजे क्रँकवरच्या दातेरी चकतीपर्यंतचं, अंतर) ५२ मिमी, एम ६१२० ची ५५ मिमी आणि एम ६१३० ची ५६.५ मिमी. मागचा हब (चाकाचा मधला भाग) १४२ मिमी रुंद असेल तर पहिला घ्यावा. १४८ मिमीच्या हबच्या, म्हणजे ‘बूस्ट’ मापाच्या, फ्रेमसाठी दुसरा, आणि तिसरा फक्त १५७ मिमीच्या हबसाठी. बूस्ट फ्रेमवर ५२ मिमीही चालू शकते, चेन मागच्या मोठ्या चकत्यांवर उलट जरा सरळच जाते. पण चेनरिंग आणि चेनस्टे (फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) यांच्यात फट उरते का, हे आधी मोजायलाच हवं. शिमानोची बारा स्पीडची चेन वापरणार असाल तर चेनरिंगही तिच्यासाठी बनवलेलीच घ्या. त्या चेनच्या आतल्या पट्ट्या लांब असतात, त्यामुळे दुसऱ्या घडणीच्या नॅरो-वाइड (एकाआड एक अरुंद-रुंद) दात्यांवर ती अडकून घरघरते. दांड्याच्या लांबीबाबत शंका असेल तर १७० मिमी घ्या. दगडांतून पेडल मारायचं असेल तर १७५ पेक्षा तो कमी आपटतो.

आता बसवण्याबद्दल, कारण डिओरविषयीच्या निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात. उजव्या कपचे आटे उलटे असतात. ७३ मिमीच्या शेलला उजवीकडे एक स्पेसर (अंतर भरणारी कडी), ६८ मिमीला उजवीकडे दोन आणि डावीकडे एक. कप ३५ ते ५० न्यूटन-मीटरने कसावेत. डाव्या बाजूची प्लॅस्टिकची टोपी दांडा धरून ठेवत नाही, ती फक्त बेअरिंगमधला खेळ काढते. तिला ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर म्हणजे बोटांनी फिरवण्याइतकाच जोर पुरतो. ती करकचून आवळली की बेअरिंग जड फिरतं आणि अकाली मरतं. टोपीनंतर छोटी सुरक्षा पट्टी दाबून तिची पिन अ‍ॅक्सलच्या भोकात बसली का ते पाहायचं, आणि मगच दोन्ही बोल्ट आलटून पालटून १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत. एकच बोल्ट पूर्ण कसून मग दुसऱ्याकडे वळलं की दुसरा कसताना पहिल्यावरचा ताण उतरतो. मग दांडा हलायला लागतो, दाते खाल्ले जातात आणि त्यानंतर कितीही कसलं तरी तो पुन्हा घट्ट धरत नाही. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजणारा) नसेल तर निदान एकदा उसना आणा.

पेडलला ग्रीस लावा, पहिले काही फेरे हातानेच फिरवा. डाव्या पेडलचे आटे उलटे. तिरकं बसलेलं पेडल पान्याने रेटणं हे चांगल्या क्रँकचा गळा घोटण्यासारखं आहे. आटे गेलेच तर स्टीलची वेटोळी बसवून दांडा वाचवता येतो, मात्र भोकाभोवती चीर दिसत असेल तर तो भंगारातच.

फ्रेमला स्रॅम या दुसऱ्या कंपनीचा ‘डब’ मापाचा बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा अ‍ॅक्सल ज्यात फिरतो तो बेअरिंगचा संच) आधीच असेल तर तो काढून डिओर घालण्यात अर्थ नाही. स्रॅमच्या एनएक्स किंवा जीएक्स मालिकांचे अ‍ॅल्युमिनियमचे क्रँकही टिकतात. त्यात २८.९९ मिमीचा अ‍ॅक्सल आणि एकच मोठा बोल्ट असतो, ८ मिमीच्या अ‍ॅलन कीने ५४ न्यूटन-मीटरपर्यंत. एवढा जोर लहान कीने येत नाही, आणि करकर आवाजाचं मूळ बहुधा तिथेच सापडतं.

याहून स्वस्तात भागवायचं असेल तर चौकोनी अ‍ॅक्सलचा क्रँक वाईट नाही. सीलबंद कार्ट्रिज पाण्याला चांगलं तोंड देतं. पण सैल दांड्यावर थोडं जरी अंतर चालवलं तरी अ‍ॅल्युमिनियमचं चौकोनी भोक गोलटतं आणि दांडा फेकावा लागतो. ज्याच्या चेनरिंग रिव्हेटने जोडलेल्या आहेत तो क्रँक मात्र घेऊच नका. दाते झिजले की पूर्ण क्रँक बदलावा लागतो. जुना तीन चेनरिंगचा, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिमी असलेला चार बोल्टचा २४ मिमी क्रँक पडून असेल तर सर्वांत स्वस्त वाट तीच: मधल्या जागी ३२ दात्यांची नॅरो-वाइड चेनरिंग, बाकीच्या दोन काढून टाकायच्या, आणि आखूड चेनरिंग बोल्ट. लांब बोल्ट तसेच ठेवले तर ते तळाला टेकतात आणि चेनरिंग सैलच राहते.

वापरलेला क्रँक घेताना डाव्या दांड्याच्या आतले दाते उजेडात पाहा. ते टोकदार असावेत, चपटे नकोत. अ‍ॅक्सलवर बेअरिंग बसतं तिथे नख फिरवा. पायरी लागली तर नवं बेअरिंगही तिथे हलत राहील.