कर्नल बिल्डसाठी तयार टूलचेन: कोणती घ्यावी?

'ऑप्टिमाइझ्ड' टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरे बिल्डच्या साधनांचा संच) वापरली म्हणजे लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जोरात पळायला लागतं, हा समज आधी डोक्यातून काढा. पीजीओ, बोल्ट हे वापराच्या नोंदी पाहून प्रोग्रामचा वेग वाढवण्याचे सोपस्कार कंपायलरच्या स्वतःच्या बायनरीवर केलेले असतात. त्यामुळे पळतो तो कंपायलर. त्यातून बाहेर पडणारा कोड तोच राहतो. बायसेक्ट करत (बग कोणत्या बदलातून आला ते शोधत) दिवसभर बिल्ड मारणाऱ्याला याचा खरा फायदा. महिन्यातून एकदा कर्नल बांधणाऱ्याने डिस्ट्रोचा क्लँग (एलएलव्हीएम प्रकल्पाचा कंपायलर) वापरावा आणि पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

लिनक्ससाठी माझी पहिली पसंती कर्नल डॉट ऑर्गवरच्या एलएलव्हीएमला. कर्नल बांधतानाचाच प्रोफाइल डेटा वापरून ती घडवलेली आहे, म्हणून याच कामात तिचा वेग दिसतो. टारबॉल (डाउनलोड केलेली आर्काइव्ह फाइल) उघडायचा आणि 'मेक' या बिल्ड कमांडला 'एलएलव्हीएम=' च्या पुढे बिन फोल्डरचा पाथ द्यायचा, बस. पण पाथच्या शेवटचा स्लॅश राहिला तर मेक त्याला पाथ मानतच नाही. गुपचूप सिस्टिममधला क्लँग उचलतो, बिल्ड विनातक्रार पूर्ण होतं आणि आपण नव्या टूलचेनचं कौतुक करत बसतो. बूट झाल्यावर 'प्रॉक-व्हर्जन' वाचा, कोणत्या कंपायलरने बांधलं ते तिथे लिहिलेलं असतं. कर्नल 5.15 पासून एलएलव्हीएमचा स्वतःचा असेंब्लरच डिफॉल्ट आहे. त्यामुळे आर्म-64 साठी आर्किटेक्चर सांगितलं की पुरतं, वेगळं क्रॉस-कंपाइल प्रीफिक्स द्यावं लागत नाही.

कर्नल डॉट ऑर्गवरच क्रॉसटूल नावाने जीसीसी (जीएनयूचा कंपायलर) मिळतो. फाइलच्या नावातच 'नोलिबसी' असतं, म्हणजे सोबत सी लायब्ररी नाही. कर्नल बांधा, बिझीबॉक्ससारखे साधे प्रोग्राम बांधायला जाऊ नका. रूट फाइलसिस्टिमही करायची असेल तर बूटलिनच्या टूलचेन घ्या, त्यात जीलिबसी, मसल, यूक्लिबसी असे सी लायब्ररीचे पर्याय आहेत. अल्फा, सुपरएच, पीए-रिस्क अशा जुन्या प्रोसेसर मंडळींसाठी मात्र जीसीसीला पर्याय नाही.

कर्नलच वेगवान हवं असेल तर गाडी पुन्हा क्लँगकडे वळते. मुख्य कर्नलमध्ये एलटीओ (लिंक करताना सगळा कोड एकत्र पाहून केलेलं ऑप्टिमायझेशन) फक्त क्लँगवर चालतं, तेही 5.12 पासून. प्रोफाइलवर चालणारे ऑटोएफडीओ आणि प्रोपेलर 6.13 मध्ये आले. थिन एलटीओ घ्या. फुल एलटीओचं लिंकिंग रॅम गिळतं आणि साध्या लॅपटॉपवर जीव काढतं. (ओ-3, म्हणजे कंपायलरच्या सर्वात आक्रमक ऑप्टिमायझेशन पातळीचा, हट्ट सोडा. कर्नलमधला तो पर्याय फक्त एआरसी आर्किटेक्चरपुरता होता, 6.0 मध्ये तोही काढून टाकला.)

अँड्रॉइडवाल्यांपुढे निवडीचा प्रश्न फारसा नाहीच. 2017 च्या पिक्सेल 2 पासून गूगल फोनचं कर्नल क्लँगने बांधतं, आणि जीकेआयच्या (अँड्रॉइडच्या सामाईक कर्नलच्या) प्रत्येक शाखेला ठरलेला क्लँग असतो: 5.10 च्या अँड्रॉइड 12 शाखेला आर-416183-बी, 6.1 च्या अँड्रॉइड 14 शाखेला आर-487747-सी. फोन किंवा चिप कंपनीचे मॉड्यूल तयार बायनरी म्हणून येत असतील तर हाच क्लँग घ्या. एलटीओ आणि सीएफआय (उड्या चुकीच्या ठिकाणी जाऊ न देणारी सुरक्षा तपासणी) यांच्या सेटिंगलाही हात लावू नका, नाहीतर बूटच होणार नाही अशी वेळ येते. कस्टम रॉमच्या दुनियेत प्रोटॉन, न्यूट्रॉनसारखे क्लँग फिरतात. चपळ असतात, पण एखाद्या हौशी माणसाने वेळ मिळेल तसे सांभाळलेले. स्वतःच्या फोनवर खुशाल वापरा. लोकांना वाटायच्या कर्नलसाठी मी वापरणार नाही.

डेस्कटॉपवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीकेएमएसने (नवं कर्नल आलं की मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या साधनाने) बांधत असाल तर आणखी एक तपासा. कर्नल क्लँगचं आणि मॉड्यूल जीसीसीचं असा संसार नीट चालत नाही. ज्या कंपायलरने कर्नल, त्यानेच मॉड्यूल. आणि सगळी धडपड फक्त वेळ वाचवायला असेल तर आधी सीकॅश (एकदा कंपाइल झालेलं जपून पुन्हा वापरणारं साधन) लावून बघा. त्यासाठी बिल्ड टाइमस्टॅम्प एका ठरावीक किमतीवर बांधून ठेवावा लागतो. तो दर वेळी बदलत राहिला तर कॅशचा काडीचाही उपयोग होत नाही.