मोल्सवर्थचा कोश आणि पिंपळावरचा मुंजा

सीताबर्डीवरील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे पुनर्मुद्रण आणले, त्याला आता दोन महिने झाले. खरेदीचे निमित्त क्षुल्लक होते. भूत आणि खवीस यांत फरक काय, असे धाकट्याने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची. तरीही शब्दाचे कूळ शोधण्यासाठी तो आजही हाताशी असावा, असे माझे मत झाले आहे. शब्दापुढील कंसात एकच अक्षर छापून तो संस्कृत, अरबी की फारसी हे सांगण्याची त्याची पद्धत फार सोयीची आहे. खवीस अरबी निघाला: मूळ 'खबीस' म्हणजे दुष्ट, अमंगळ, आणि मराठीत तो मुसलमानाचे पिशाच्च झाला. 'भूत' संस्कृत 'भू' धातूपासून आलेले, म्हणजे जे झाले, होऊन गेले ते. म्हणूनच भूतकाळ, पंचमहाभूते आणि भूतदया या शब्दांत भीतीचा लवलेशही नाही, आणि पसायदानातील भूते म्हणजे तर सगळे प्राणिमात्र. समंध हा मुळात 'संबंध', ज्याची वासना सुटली नाही असा मेलेला ब्राह्मण. अळवंतीण बाळंतपणात गेलेली. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण सोडमुंजीआधीच मेलेला मुलगा. त्याचे बिऱ्हाड पिंपळावर. मेलेल्याची जात, वय आणि मरणाची तऱ्हा एवढे सगळे एकेका नावात साठवलेले पाहून मी थक्क झालो.

उणिवाही आहेत. अर्थ इंग्रजीत असल्याने ज्याच्यासाठी कोश घेतला, त्याला तो वाचताच येत नाही. वऱ्हाडी बोलीला त्यात फारसे स्थान नाही, आणि पहिली आवृत्ती निघाली तेव्हा नागपूर मुंबई इलाख्यात नव्हे, तर भोसल्यांच्या राज्यात होते, हे लक्षात घेता त्याचे नवलही वाटत नाही. "काऊन बे, मुंजासारखा बसून राह्यला?" हे आमच्या आजीचे रागावणे, ज्यात भुताचा काही संबंध नसून नुसता आळस अभिप्रेत असे, कोशात शोधूनही सापडले नाही.

बांधणी मात्र अगदीच कच्ची आहे. दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला, त्यामुळे सध्या 'भूत' ते 'भोपळा' ही पाने सुटी करून रबर लावून ठेवली आहेत.