सांगली वाढवायची कुठे: नदीकडे की मिरज-कुपवाडकडे?

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची १९९८ साली एकच महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांवर गेली होती. पुढची वस्ती बसवायची कुठे?

एक पर्याय सांगलीलगतच्या सखल भागाचा. बाजारपेठ, शाळा, दवाखाने हाकेच्या अंतरावर, म्हणून माणसं इथेच गुंठा-दोन गुंठे घेतात. पण पावसाळ्यात याच भागातल्या शामरावनगरात एकदा चालून बघा. काळ्या मातीचा चिखल चप्पल अशी धरतो की ती हातात घेऊनच घर गाठावं लागतं. आधी घरं, मग रस्ता, गटार सगळ्यात शेवटी! त्यात कृष्णामाई. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २०२१ ला पुन्हा गाळ उपसावा लागला. पावसाचं पाणी थांबायला जे ओत (सखल पाणथळ जमिनी) आणि नाले होते, तेच आपण भराव टाकून बुजवतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा पर्याय मिरज-कुपवाडच्या उंचावरच्या जमिनीचा. रेल्वे जंक्शन आहे, एमआयडीसी आहे. सांगलीच्या पेठेत यायला मात्र लांब पडतं, आणि बस वेळेवर नसेल तर कामगाराचे हाल होतात.

माझं मत या दुसऱ्या पर्यायाच्याच बाजूने. फक्त प्लॉट पाडण्याआधी तिथे जलवाहिनी, ड्रेनेज आणि शहर बस पोचली पाहिजे. नाहीतर तिथेही गुंठेवारीच होईल, म्हणजे सोयींशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेली वस्ती.