जुना पलंग: सागवानी घ्यावा की पार्टिकल बोर्डाचा?

कोथरूडच्या जुन्या घरातला सागवानी पलंग की हिंजवडीतल्या भाडेकरूचा पार्टिकल बोर्डाचा स्टोरेज बेड, या पेचात असाल तर आधी खोलून-जोडण्याचं बघा. बोर्डात स्क्रूची पकड दाबलेल्या भुशावर असते. पुन्हा पुन्हा खोलला की भोकं सैल होतात, पलंग करकरतो. पायाशी कडेवरून बोट फिरवा. कड फुगलेली, पट्टी सुटलेली असेल तर फरशी पुसण्याच्या पाण्याने बोर्ड आतून गेलाय. फुगलेला बोर्ड पुन्हा सपाट होत नाही. फुकटही घेऊ नका.

सागवानाचे सांधे आवळता येतात, पॉलिश होतं. मात्र सालीलगतच्या फिकट लाकडाला भुंगेरा लागतो. बारीक भोकं दिसली तर खाली काळा कागद पसरून ठोका. पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत असू शकते.

लिफ्ट आणि जिन्याचं वळण आधी मोजा. टेम्पो-हमाली कोणाची, हेही सौद्यातच ठरवा.

11 महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला एकदाच खोललेला, कोरडा बोर्डाचा पलंग पुरतो, पण पुढे विकून पैसे येतील असं धरू नका. स्वतःच्या घरासाठी सागवानीच घ्या, जास्त पैसे पडले तरी.