थंडीच्या तोंडावर: गच्चीवरचा सोलर की गॅसचा गीझर?

आकाशकंदील उतरवून माळ्यावर गेले की नाशिकमध्ये पहाटेचं नळाचं पाणी बोटांना झोंबायला लागतं. मग ओळखीपाळखीतलं कुणीतरी विचारतंच, ‘सोलर बसवू की गॅस गीझर?’ आमच्या दुमजली घरात दोन्ही नांदलेत. आधी तीन हिवाळे ६ लिटरचा (म्हणजे मिनिटाला तेवढं पाणी तापवणारा) गॅस गीझर, त्यानंतर काचेच्या नळ्यांचा २०० लिटरचा सोलर. माझं मोजमाप म्हणजे बादल्या आणि सिलिंडर, तेव्हा त्या बेतानंच घ्या.

फ्लॅटमध्ये राहत असाल आणि गच्चीवर तुमचा हक्क नसेल, तर फार विचार करू नका, गॅसच बरा. फक्त तो बाथरूमच्या आत नको. बंद मोरीत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि दर थंडीत त्यापायी कुणीतरी गेल्याची बातमी वाचायला मिळते. गीझर बाहेर, हवेशीर जागी लावावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप घ्यावा. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

गॅसचे गुण खरेच आहेत. पहाटे पाच वाजता असो की रात्री अकराला, नळ सोडला की अर्ध्या-पाऊण मिनिटात कढत पाणी. लग्नघरासारखे पाहुणे आले तरी पाणी संपत नाही. ठिणगीपुरते दोन सेल असतात, त्यामुळे वीज नसली तरी आंघोळ अडत नाही. खर्चाचं म्हणाल, तर चार माणसं, रोज प्रत्येकी एक बादली, एवढ्यात १४.२ किलोचा सिलिंडर आम्हाला थंडीत दोन महिन्यांच्या आतबाहेर जायचा.

माझं बिनसलं ते धारेवरून. हा गीझर पाण्याचं तापमान साधारण ठरावीक अंशांनीच वाढवतो. मे महिन्यात नळालाच कोमट पाणी येतं, तेव्हा तो राजासारखा चालतो. डिसेंबरात टाकीतलं पाणी गारठलेलं असतं, तेव्हा बाहेर पडतं ते नुसतं कोमट. कढत हवं तर धार बारीक करायची. पण आत एक रबरी पडदा असतो. पाण्याच्या दाबानं तो सरकला तरच गॅसची वाट उघडते. धार फार बारीक केली की पडदा मागे येतो आणि ज्योत विझते.

आमची टाकी वरच्या बाथरूमपासून जेमतेम दहा फूट उंच, म्हणजे दाब मुळातच बेताचा. त्यात खाली कुणी भांडी घासायला नळ सोडला की गीझर गप्प. मग टिक-टिक-टिक, भक्क, परत गप्प. डोक्याला साबण लावून ‘खालचा नळ बंद करा!’ असं मी किती सकाळी ओरडलो असेन, शेजाऱ्यांना विचारा. बादलीत अर्धं कढत, अर्धं गार; विसण वेगळं घालायची गरजच उरली नव्हती. प्लंबरनं पडदा बदलला, जाळी साफ केली आणि शेवटी प्रेशर पंप सुचवला. म्हणजे विजेवाचून चालतो हा गुणही गेला. तुमच्या टाकीला चांगली उंची असेल, तर हा ताप कदाचित होणारही नाही.

सोलरच्याही खोड्या आहेत. सकाळी नळ सोडला की पाइपात रात्रभर थांबलेलं गार पाणी आधी येतं. आमच्याकडे सात-आठ लिटर. ते दुसऱ्या बादलीत धरतो आणि फरशी पुसायला वापरतो. आईला ते मान्य आहे, त्यामुळे घरात प्रश्न मिटला. ढगाळ हवेत मात्र तो रुसतो. एक दिवस कसाबसा निभतो, दुसऱ्या दिवशी सोलरच्या टाकीतली विजेची कॉइल लावावी लागते. २०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला साडेचार-पाच युनिट वीज जाते. तशी वेळ आमच्यावर अख्ख्या थंडीत पाच-सहा वेळा येते.

बसवण्याआधी सावली बघा, आणि ती डिसेंबरातली. मे महिन्याच्या विसाव्या-एकविसाव्या दिवशी नाशिकला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा सगळ्याच गच्च्या मोकळ्या दिसतात. २१ डिसेंबरला तो भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंश वर येतो. तेव्हा दक्षिणेकडच्या पाण्याच्या टाकीची सावली तिच्या उंचीएवढी पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. आमच्या ओळखीत एकांचा सोलर नेमका हिवाळ्यातच शेजाऱ्यांच्या जिन्याच्या खोलीमागे जातो. सोलरचा दुसरा प्रकार तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पॅनेलचा; बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार लवकर साठतात. काचेच्या नळ्या त्या मानानं सोशिक.

थंडीआधीची तयारी म्हणाल तर मी ती दिवाळीच्या साफसफाईतच उरकतो. नळ्या भल्या पहाटे धुतो, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. नळीच्या टोकाशी आरशासारखी चकाकी असते. ती पांढुरकी झाली असेल तर आतली निर्वात पोकळी गेली, ती नळी बदलायची. टाकीचा गाळ सोडायचा, हवेचा पाइप तुंबलेला नाही ना ते बघायचं, गरम पाण्याच्या पाइपावर फोम चढवायचा. सगळं मिळून एक सकाळ. गॅसवाल्यांनी सेल, जाळी आणि गॅसची नळी तपासली की झालं, आणि तिथे गॅस सरळच जिंकतो.

आमचा जुना गॅस गीझर अजून भिंतीवर आहे, पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलाय. त्याचे दोन्ही सेल सध्या टॉर्चमध्ये आहेत.