जुनी कागदं स्कॅन करायलेत? जेपीजी, टिफ, पीएनजी का पीडीएफ, ते आधी ठरवा

2023 ला कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तवापासून आमच्या परभणीकडं घरोघरी ट्रंका उघडल्यात, निजामकाळातली उर्दू कागदं, मोडीतली खतं, खासरा पत्रकाच्या (जमिनीच्या जुन्या नोंदीच्या) नकला, जो तो स्कॅन करून ठेवायलाय. पण बहुतेकजण स्कॅनर जे विचारंल त्याला ओके करून जेपीजी ह्या प्रकारची फाईल करतात आणि मोकळे होतात. मला ह्याचं लई वाईट वाटतं, कारण मूळ कागद आता घडीवर फाटायलाय.

जेपीजी फाईल लहान करायला चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि बारीक तपशील टाकून देतं. माणसाच्या फोटोत ते कळत नाही, अक्षरात कळतं. उर्दूत अक्षराखाली एक नुक्ता (टिंब) म्हणजे ब, खाली तीन म्हणजे प. आमच्या पणजोबांचा कागद 300 डीपीआयवर (एका इंचात 300 ठिपके) कमी क्वालिटीचा जेपीजी केला होता, मोठा करून बघितला तर नुक्ते मिळून नुसता एक डाग, वाचणारे चाचा म्हणले, "बेटा, हे ब हाय का प, सांगता येईना." तोच कागद तेवढ्याच डीपीआयवर टिफ केला तर तिन्ही नुक्ते सुटे दिसले. आणि जेपीजी उघडून थोडं फिरवून, कापून परत सेव्ह केलं की दर वेळी अजून थोडं जातं.

टिफ आणि पीएनजी दोन्हीत काही गळत नाही. टिफमध्ये एकाच फाईलीत बरीच पानं बसतात, पीएनजीत एकच, पण पीएनजी कुठल्याबी मोबाईलवर उघडतं. जागा मात्र लागते, ए-फोर रंगीत पान 300 डीपीआयला फाईल लहान न करता 26 एमबीच्या आसपास, 600 ला त्याच्या चौपट. टिफमध्ये एलझेडडब्ल्यू ही फाईल लहान करायची पद्धत निवडा, काही न गमावता कमी होतं. माझं मत विचाराल तर मूळ प्रत टिफच.

पीडीएफ ऑनलाईन अर्जाला ठीक, पण तो नुसता डबा हाय, आत बहुतेकदा जेपीजीच असतं. 2013 ला झेरॉक्स कंपनीच्या काही मशीन स्कॅनची फाईल लहान करताना 6 चा 8 करतात हे उघड झालं होतं, तवा गट नंबर कागदाशी ताडून बघाच.

सेव्ह होईना तर आधी नाव बघा. तारीख टाकताना तिरकी रेघ दिली की विंडोज नाव घेतच नाही, 12-05-1951 असं आडव्या रेघेनं लिहा. ब्लॅक अँड व्हाईट मोडला जेपीजीचा पर्यायच दिसेना तर स्कॅनर बिघडलेला नाही, 1 बिटचं (नुसतं काळं-पांढरं) चित्र जेपीजीत बसत नाही, ग्रेस्केल (करड्या छटांचा मोड) करा. 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर सी ड्राईव्हच्या मुळाशी नको, डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करा. आणि जेपीजीचं नाव बदलून पुढं टिफ लावलं म्हणजे टिफ होत नाही, गेलेला नुक्ता परत येत नाही, कागद हातात हाय तोवर परत स्कॅन करा.

भावकीला व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नका टाकू, डॉक्युमेंट म्हणून टाका.